दक्षिणा, देणगी आणि अनुदान

जालना जिल्ह्यांत, अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या खोऱ्यांत अंकुशनगर आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोंवतीं उभी राहिलेली ही वसाहत. पैठणच्या जायकवाडी धरणाचें पाणी डाव्या कालव्यानें या भागांत आलें, ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि उसाच्या मागोमाग कारखान्याचें धुराडें आलें. गळिताच्या हंगामांत येथें काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीचें वजन होतें, टनांचा आंकडा वहींत चढतो आणि त्यावरून शेतकऱ्याच्या नांवें रक्कम पडते. या हिशेबांत एक बारीकशी बाब असते. काट्यावर तिष्ठणाऱ्या माणसाचें तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. महाराष्ट्रांतील साखर कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागें ठराविक वर्गणी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेस देतात. ही संस्था १९७५ सालीं सहकारी कारखान्यांच्या ऊस-उत्पादक सभासदांनींच पुण्याजवळ मांजरी येथें स्थापन केली. आणि तिची एक शाखा अंबड तालुक्यांतच पाथरवाला येथें आहे. म्हणजे अंकुशनगरच्या काट्यावर उभा असलेला शेतकरी, त्यास ठाऊक असो वा नसो, विद्येचा आश्रयदाता झालेला असतो.

संशोधनासाठीं पैसा कोठून मिळवावा, ही आज विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील अध्यापकांची नित्याची विवंचना आहे. कोणत्या मंडळाकडे अर्ज करावा, त्याची मुदत केव्हां संपते, कोणती अट आडवी येईल, यांचीच चर्चा अध्यापकांच्या खोल्यांतून चाललेली असते. ही विवंचना नवी आहे असा अनेकांचा समज आहे. परंतु महाराष्ट्रांत तिचा इतिहास जवळजवळ तीनशें वर्षांचा आहे. आणि त्या सर्व काळांत तीनच प्रश्न पुनः पुनः विचारले गेले आहेत. पैसा कोणाचा? तो कोणास द्यावयाचा हें ठरविणार कोण? आणि विद्येचें फळ शेवटीं कोणाच्या पदरांत पडणार?

या इतिहासाचा आरंभ श्रावणमासच्या दक्षिणेनें होतो. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडले, दाभाड्यांचें वैभव ओसरलें, आणि पहिल्या बाजीरावानें हा दानधर्म पुण्यास आपल्याकडे घेतला. दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-पंडित श्रावणांत पुण्यास येऊं लागले. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र यांत ज्याची जशी गति, तसा त्याचा सन्मान होई. पेशवाईच्या अखेरीस मात्र या दानाचें स्वरूप पालटलें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत हजारोंचा समुदाय कोंडला जाई आणि दारांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर नाणें ठेवलें जाई. विद्वानांचा सन्मान वेगळा होतच होता. पण खर्चाचा मोठा भाग विद्येची परीक्षा न होतांच वांटला जाऊं लागला. पैसा रयतेच्या साऱ्याचा होता. परंतु रयतेस त्या विद्येचा स्पर्श होण्याची सोय नव्हती.

१८१८ सालीं पेशवाई गेली. मौंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यापुढें या दक्षिणेचें काय करावें हा पेंच पडला. ती एकदम बंद केली तर पुण्यांतील वजनदार वर्ग दुखावणार. चालू ठेवली तर नव्या राज्यानें जुन्या उधळपट्टीवर शिक्का मारल्यासारखें होणार. त्यानें मधला मार्ग काढला. रमण्यांतील सरसकट वांटप बंद झालें, परीक्षेस उतरणाऱ्या विद्वानांपुरती सालीना पन्नास हजार रुपयांची दक्षिणा राहिली, आणि उरलेल्या पैशांतील कांहीं भाग शिक्षणाकडे वळला. १८२१ च्या ऑक्टोबरांत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. धर्मदायाच्या रकमेंतून विद्यालय उभें राहिलें, ही त्या काळाच्या मानानें लहान गोष्ट नव्हती. तरीहि पाठशाळेचा दरवाजा एकाच जातीस उघडा होता, आणि तेथील विद्या संस्कृत ग्रंथांत बंदिस्त होती.

पुढें सरकारनें दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें घालण्याचें थांबविलें. जुने दक्षिणाधारक जसजसे निवर्तत गेले तसतशी रक्कम शिल्लक पडूं लागली. या शिलकेवरून १८४९ सालीं पुण्यांत मोठी खळबळ उडाली. गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराचे कांहीं तरुण यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, या पैशाचा कांहीं अंश मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. आजच्या वाचकास या मागणींत आक्षेपार्ह असें कांहींच दिसणार नाहीं. परंतु त्या दिवसांत तिनें सारें शहर ढवळून निघालें. सनातनी मंडळींनीं सभा भरविल्या. दक्षिणा हा आपला हक्क असून तो बुडविणें हा अधर्म आहे, असा त्यांचा पक्ष होता. अर्जदार स्वतः बहुतेक ब्राह्मणच होते, हें येथें ध्यानांत ठेवलें पाहिजे. आपल्याच ज्ञातीस मिळणारें दान देशभाषेकडे वळवा, असें सांगण्यास धैर्य लागत होतें.

अर्ज अंशतः मान्य झाला. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मराठी ग्रंथ व भाषांतरें या कमिटीकडे येऊं लागलीं, त्यांची तपासणी होऊं लागली, आणि पसंत पडलेल्या लेखकांस रोख बक्षिसें मिळूं लागलीं. विषय ठरविणें, अर्ज मागविणें, जाणकारांकडून परीक्षण करविणें आणि मग रक्कम देणें, हा जो क्रम आज प्रत्येक अनुदान-मंडळ पाळतें, त्याचें मराठी मुलखांतील मूळ येथें आहे. त्याच सुमारास पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. त्याचेंच पुढें डेक्कन कॉलेज बनलें. कालांतरानें दक्षिणेच्या पैशांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. पदवीच्या मार्गावरील हुशार तरुणानें खालच्या वर्गांस थोडें शिकवावें, उरलेल्या वेळांत आपला अभ्यास वाढवावा, आणि त्याच्या योगक्षेमाची चिंता या निधीनें वाहावी, अशी ही योजना होती.

या योजनेचें फळ काय, याचें उत्तर दोन नांवांत देतां येतें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. आणि १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली तींत दोघेहि होते. भांडारकरांनीं १८८४ सालीं दख्खनचा प्राचीन इतिहास इंग्रजींत लिहून पैठणच्या सातवाहनांपासूनच्या राजवंशांची कालसंगति लावली. रानड्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० सालीं निघाला. रमण्याच्या दारांत वांटल्या जाणाऱ्या नाण्यांतून महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाचे दोन आधारस्तंभ उभे राहिले, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

परंतु हिशेबाची दुसरीहि बाजू आहे. ती सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाहीं. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहिलें. अज्ञानी कुणबी नवराबायको जोशाच्या थापांस बळी पडून कसे नागवले जातात, आणि विद्या मिळाली म्हणजे त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. फुल्यांनीं हें नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें नाकारलें. कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें इतरांचें कांहीं चाललें नाहीं, असें फुल्यांनीं १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत नमूद केलें आहे. तें नाटक छापून लोकांसमोर येण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. लिहिल्यापासून सव्वाशें वर्षें होत आलीं होतीं.

येथें दुसरा प्रश्न आपलें खरें रूप दाखवितो. दक्षिणेचा पैसा देशभाषेकडे वळला, ही लोकहितवादींच्या अर्जाची जीत होती. पण वांटणारे हात पूर्वींच्याच वर्तुळांतले राहिले. म्हणून कुणब्याच्या साऱ्यांतून जमलेल्या पैशानें कुणब्याचें दुःख सांगणारें पुस्तक मात्र निघूं शकलें नाहीं. निधि किती मोठा आहे यापेक्षां निवड करणाऱ्या सभेंत कोण बसलें आहे, यावर विद्येचें भवितव्य अधिक अवलंबून असतें, हा धडा या एका नकारानें दिला आहे.

विसाव्या शतकांत सरकारी दक्षिणेबरोबरच खासगी देणगीचा काळ आला. ६ जुलै १९१७ रोजीं, डॉ. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. भांडारकरांनीं आपला ग्रंथसंग्रह संस्थेस दिला. टाटा कुटुंबाच्या देणगींतून इमारत उभी राहिली. डेक्कन कॉलेजांतील हस्तलिखितांचा सरकारी संग्रह संस्थेकडे आला. १९१८ सालीं औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याची सूचना करून त्यासाठीं एक लाख रुपये देण्याचें वचन दिलें. औंध हें कांहीं मोठें संस्थान नव्हतें. त्या मानानें ही रक्कम मोठी होती. १ एप्रिल १९१९ रोजीं कामास आरंभ झाला. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. हा मनुष्य मूळचा केंब्रिजचा गणिती, बर्लिनचा डॉक्टर. त्यांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून पाठ निश्चित करण्याची जी रीति घातली, तिचा आदर्श पुढें जगानें मानला. १९४३ सालीं ते काम अर्धवट टाकून वारले. त्यांच्यामागें श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं तें चालविलें, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. सत्तेचाळीस वर्षें! दोन-तीन वर्षांची मुदत घालून देणाऱ्या आजच्या कोणत्याहि योजनेंत हें काम बसलें नसतें.

या कामास मदत करणारांत हैदराबादचे निजाम सरकारहि होतें. महाभारताच्या छपाईसाठीं त्यांनीं कित्येक वर्षें दरसाल रक्कम दिली. संस्थेच्या आवारांतील निजाम अतिथिगृह त्यांच्याच साहाय्यानें बांधलें गेलें. आज जेथें अंकुशनगर आहे तो अंबडचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. तेव्हां पुण्याच्या महाभारतांत अंबडच्या शेतकऱ्याच्या साऱ्याचाहि कांहीं अंश मिसळला आहे. दुर्दैव एवढेंच कीं, ज्या प्रांतानें हा वांटा उचलला त्या प्रांताच्या मुलांस उच्च शिक्षणासाठीं स्वतःच्या भाषेंत शिकविणारें विद्यापीठ नव्हतें. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू होती. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस जें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. आणि मराठवाडा विद्यापीठ निघण्यास २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस यावा लागला.

आतां पुनः उसाकडे वळण्यापूर्वीं आणखी एका देणगीचें स्मरण केलें पाहिजे. सातारचे वकील रावबहादुर काळे यांनीं दिलेल्या निधींतून १९३० सालीं भारत सेवक समाजानें पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था काढली. धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. पुराणग्रंथांच्या जोडीला या संस्थेनें जिवंत खेड्यांचें संशोधन आरंभिलें. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून शेतकऱ्यांस प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष काय लाभ झाला, याची पाहणी करून गाडगिळांनीं लिहिलेला अहवाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. हा पंडित आंकडे छापून स्वस्थ बसला नाहीं. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढण्याचें मनावर घेतलें, तेव्हां गाडगीळ त्यांच्या पाठीशीं उभे राहिले आणि त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० सालच्या अखेरीस प्रवरेचें गाळप सुरू झालें. त्याच वाटेनें पुढें महाराष्ट्रभर सहकारी कारखाने निघाले, आणि ती वाट अंकुशनगरापर्यंत पोंचली. एका वकिलाची देणगी, एका अर्थशास्त्रज्ञाचें संशोधन, एका शेतकऱ्याचें धाडस, यांचा योग जुळला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण आहे. १९६९ सालीं भारत सरकारनें समाजशास्त्रांच्या संशोधनासाठीं स्वतंत्र परिषद काढली, तेव्हां तिचें पहिलें अध्यक्षपद गाडगिळांकडेच आलें.

स्वातंत्र्यानंतर दानाची जागा कायद्यानें घेतली. १९५३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोग कामास लागला. १९५६ सालीं त्यास कायद्याचें अधिष्ठान मिळालें. दक्षिणेस याचक लागतो, देणगीस दाता लागतो; अनुदान हा मात्र नागरिकांच्या पैशाचा नियमानें होणारा विनियोग होय. आयोगाच्या लघु व बृहत् संशोधन प्रकल्पांमुळें लहान गांवांतील अध्यापकांसहि प्रथमच कांहीं पुस्तकें घेतां आलीं, चार गांवें हिंडून पाहणी करतां आली. पण नियमांचेहि उंबरठे असतात. आयोगाच्या कायद्यांतील २ (फ) आणि १२ (ब) या कलमांखालीं ज्या महाविद्यालयाची नोंद नाहीं, त्यास केंद्राचें अनुदान मिळणें दुरापास्त. नव्या, विनाअनुदानित, आडवळणाच्या महाविद्यालयांची गाडी बहुधा येथेंच अडते. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर तेहि जुने प्रकल्प मागें पडले.

२०२२ सालीं आयोगानें नव्या योजना जाहीर केल्या. सेवेंत असलेल्या अध्यापकांसाठीं दहा लक्ष रुपयांपर्यंतचें अनुदान त्यांत होतें. परंतु तें साऱ्या भारतांतून अवघ्या दोनशें जणांसाठीं. त्याच वेळीं एकुलत्या एका मुलीस संशोधनासाठीं मिळणाऱ्या शिष्यवृत्तीस सावित्रीबाई जोतीराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. ज्यांचें नाटक एका कमिटीनें परत पाठविलें, त्यांचें नांव दीडशेंहून अधिक वर्षांनीं अशा रीतीनें अनुदानाच्या यादींत आलें. २०२३ सालीं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला; विज्ञानसंशोधनाचें जुनें मंडळ त्यांत विलीन झालें. पांच वर्षांत पन्नास हजार कोटि रुपये या कामीं लावावयाचे, त्यांपैकीं चौदा हजार कोटि केंद्र सरकारनें द्यावयाचे आणि उरलेले उद्योगपति व दाते यांच्याकडून यावयाचे, असा संकल्प आहे. नांवाजलेल्या संस्थांनीं मागें राहिलेल्या विद्यापीठांस हाताशीं धरून संशोधन करावें, अशीहि एक योजना या प्रतिष्ठानानें आंखली आहे.

आंकडे मोठे आहेत. परंतु जुने तीन प्रश्न आंकड्यांनीं मिटत नाहींत. उद्योगपतींचा पैसा आला तर विषय कोण ठरविणार? गोदावरीकाठच्या जमिनी अति पाण्यानें चोपण होत आहेत काय, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा हंगामांत किती बुडते, या विषयांस दाता मिळेल काय? निवडसमितींत अंबडसारख्या तालुक्याची माहिती असलेला कोणी बसेल काय? आणि मिळालेलें ज्ञान इंग्रजी नियतकालिकांतून बाहेर पडून शेतकऱ्याच्या भाषेंत त्याच्यापर्यंत येईल काय? १८४९ सालच्या अर्जदारांचें म्हणणें तरी याहून निराळें काय होतें?

या बाबतींत उसाचें उदाहरण बोलकें आहे. को ८६०३२ ही जात कोइमतूरच्या सरकारी ऊस-पैदास केंद्रांत जन्मली. १९३२ सालीं स्थापन झालेल्या पाडेगांवच्या संशोधन केंद्रानें ती महाराष्ट्राच्या रानांत पारखली. को-एम ०२६५ ही जात तर पाडेगांवनेंच दिली. आज राज्यांतील उसाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग या दोन जातींखालीं आहे. शेतकऱ्यास पैदासकाराचें नांव ठाऊक नसतें, जातीचा क्रमांक मात्र तोंडपाठ असतो. संशोधनासाठीं दिलेला पैसा बेण्याच्या रूपानें त्याच्या बांधावर परत आलेला त्यानें पाहिला आहे; म्हणून टनामागची वर्गणी त्यास जाचत नाहीं.

इतर विद्यांनींहि आपला हिशेब असाच दाखविला पाहिजे. अनुदानासाठीं अर्ज लिहिणाऱ्या अध्यापकानें आपण याचक आहों, ही भावना मनांत आणण्याचें कारण नाहीं. तो रमण्याच्या दारांत उभा नाहीं. परंतु आपल्या अर्जामागें अंकुशनगरच्या काट्यावर रात्रभर तिष्ठणाऱ्या माणसाचा पैसा आहे, हें त्यानें विसरूं नये. आणि निवड करणारांनींहि अर्ज परत पाठविण्यापूर्वीं ‘तृतीय रत्ना’ची आठवण एकवार करावी.